नोकरी बदलायचीय म्हणून मालिका सोडू नका

क्षेत्र बदलायचं ठरवलंत, छान! पण "आता मालिका, सिनेमाची गाणी सगळं बंद, फक्त अभ्यास" असं तुम्ही पत्रात लिहिलंत, ते वाचून मला तुम्हाला थांबवावंसं वाटलं. क्षेत्र बदलताना मीही सगळं असंच बंद केलं होतं. तीन आठवड्यांत अभ्यासही सुटला, कारण दिवसभराच्या कामानंतर डोकं मोकळं व्हायला जागाच उरली नव्हती.

सुरुवातीला एवढंच करा:

- रोजचा एक भाग बघाच, पण वेळ ठरवून. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवा.
- अभ्यास रोज पाऊण तास. झोप कापून नाही.
- राजीनाम्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा आणि नव्या क्षेत्रातलं एखादं छोटं काम प्रत्यक्ष करून बघा.

आवडीची लाज तर अजिबात नको. भडक मालिका बघताना तुमचं लक्ष संवादांकडे जातं, कपड्यांकडे की पार्श्वसंगीताकडे, हे वहीत लिहून ठेवा. माझं लक्ष कायम उपशीर्षकांतल्या चुकांवर जायचं. आज मी भाषांतर करते. मुलाखतीत छंद विचारले तर उगाच भारदस्त काही सांगू नका, पुढच्याच प्रश्नाला अडखळायला होतं.

बायोडेटा, पगाराची बोलणी वगैरे नंतर बघू. आधी हा महिना नीट जाऊ द्या.