आठवीच्या वर्गासाठी फ्रेंचचं पुस्तक कसं पारखावं

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: आठवीपासून तिसरी भाषा म्हणून फ्रेंच सुरू होतंय, वर्गात ४५ मुलं, आठवड्याला तीन तासिका. टेबलावर दोन पुस्तकं आहेत, एक फ्रान्सहून आलेलं रंगीत आणि एक इथलंच, साध्या कागदावरचं, आणि यांतलं कोणतं घ्यावं हे ठरवायचंय. मी नागपुरातच बरीच वर्षं शाळेत फ्रेंच शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला धडा बघून काही ठरवू नका. तो सगळ्याच पुस्तकांत छान असतो. सरळ सातवा धडा उघडा आणि तिसऱ्या धड्यातले शब्द तिथे परत भेटतात का ते बघा. तिसऱ्यात घरातली माणसं शिकवली आणि सातव्यातल्या वाढदिवसाच्या संवादात आजी, काका, बहीण कोणीच नसेल, तर धडे सुटे सुटे लिहिलेत असं समजा. घटक चाचणी, स्नेहसंमेलन, दिवाळीची सुट्टी यांतून वाट काढत शिकणाऱ्या मुलांच्या डोक्यात एकदाच आलेला शब्द टिकत नाही. माझ्या लेखी ही कसोटी सर्वांत मोठी.

मग कान. 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'ते बोलतात' यांची फ्रेंच क्रियापदं लिहायला तीन तऱ्हांची, पण उच्चार तिन्हींचा एकच, 'पार्ल'. पुस्तकातल्या तक्त्यात न उच्चारायची अक्षरं फिकी किंवा वेगळ्या रंगात दाखवलीत का? नसतील तर मुलं प्रत्येक अक्षर म्हणत बसतात आणि ती सवय पुढे मोडत नाही. आपली मुलं ओळीवर पेन्सिलीने देवनागरी लिहितातच, मी त्यांना थांबवत नाही. अडचण अनुस्वाराची आहे: मुलं तो वाचताना मध्ये न् किंवा म् घालतात, आणि फ्रेंचमध्ये तर फक्त स्वर नाकातून जायला हवा. पाव आणि पूल या दोन फ्रेंच शब्दांत नाकातल्या स्वराचाच काय तो फरक आहे. अशा शब्दांच्या जोड्या ऐकून ओळखायचा सराव पुस्तकात हवाच. ध्वनिमुद्रण फक्त क्यूआर कोडवर असेल, तर ते उतरवून घेता येतं का, हे आधी विचारा.

व्याकरणात आपल्या मुलांची बाजू बळकट आहे आणि बहुतेक पुस्तकांना त्याचा पत्ताच नसतो. इंग्रजी वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकात वस्तूला लिंग असतं हे समजावण्यात पानंच्या पानं जातात. आपल्याकडे तीन लिंगं आहेत, विशेषण बदलतं, 'तू' आणि 'तुम्ही'चा भेद घरातच शिकवला जातो. भूतकाळातही पाहा: 'ती गेली' म्हणताना क्रियापद तिच्याप्रमाणे बदलतं, 'तिने आंबा खाल्ला' म्हणताना तिच्याप्रमाणे बदलत नाही. फ्रेंचमध्येही भूतकाळात जाणं-येणं 'एत्र' (असणं) हे सहायक क्रियापद घेऊन कर्त्याप्रमाणे लिहिलं जातं, खाणं 'आव्वार' (जवळ असणं) घेतं आणि तसं बदलत नाही. सगळीकडे हे जुळत नाही, धावणं तिकडे 'आव्वार'च घेतं, पण वर्गाला पहिला धागा सापडतो. तेव्हा लिंग समजावणारी ती पानं सोडून देता येतील असं पुस्तक चालेल. शब्दसूची मात्र कसून तपासा. शाळेसाठी 'लेकोल' एवढंच दिलं असेल तर लिंग झाकलं जातं, 'यून एकोल' असं हवं, 'यून'वरून स्त्रीलिंग कळतं.

पुस्तक किती जुनं आहे हे नकाशावरून कळतं. २०१६ पासून फ्रान्सचे युरोपातले प्रांत २२ ऐवजी १३ झाले. किमती फ्रँकमध्ये असतील तर पुस्तक २००२ च्याही आधीचं, कारण त्या वर्षी युरोच्या नोटा आल्या. शाळेच्या धड्यात तिथल्या इयत्ता उलट मोजतात, गुण २० पैकी असतात, हे सांगितलेलं असावं. मुलांना त्यात फार रस असतो.

रस्ता विचारण्याचा धडा पॅरिसच्या नकाशावर असला तरी हरकत नाही, त्याची रचना उचलता आली पाहिजे. मी सुभाष नगरहून झिरो माइलला कसं जायचं ते विचारते. नागपूर मेट्रोच्या ॲक्वा लाइनने सीताबर्डी, तिथे बदलून ऑरेंज लाइन. मुलं लगेच बोलायला लागतात.

पुढे सीबीएसईचा पेपर द्यायचा असेल, तर त्यात उतारा, लेखन आणि व्याकरणाबरोबर संस्कृतीचाही भाग असतो, तेवढं लक्षात ठेवा.

रंगीत पुस्तकाची कार्यपुस्तिका बहुधा वेगळी विकत घ्यावी लागेल आणि ऐकण्याचा निम्मा सराव तिच्यातच असेल. पालकांना एकूण खर्च सांगताना दोन्हींची किंमत धरा. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मी साधं पुस्तक घेईन, पण त्याचं ध्वनिमुद्रण खरंच मिळत असेल तरच. प्रकाशकाकडून दोन्हींची एकेक नमुना प्रत मागवा, सातवा धडा दोन तुकड्यांत शिकवून पाहा, आणि आठवड्याने न सांगता त्यातले शब्द विचारा.