अल्डर लावायचाय तर आधी पाणी बघा, खत नंतर (खरं तर नकोच)

तुमचा प्रश्न असा की बागेच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचून राहतं, तिथे अल्डर (थंड प्रदेशातलं, ओलसर जागी वाढणारं पानगळीचं झाड) जगेल का, खत कुठलं द्यायचं आणि छाटणी कधी. जगेल काय, तीच त्याची आवडती जागा आहे! पण जात बघून घ्या. कायम ओलं असेल तर साधा अल्डर (अल्नस ग्लुटिनोसा), आणि उन्हाळ्यात तोच कोपरा कडक वाळत असेल तर इटालियन अल्डर (अल्नस कॉर्डाटा) जास्त बरा, त्याला कोरडी, चुनखडीची जमीनही चालते. ग्रे अल्डर मुळांतून फुटवे काढत पसरतो, छोट्या बागेत मी तरी लावणार नाही.

जागेचा विचार आत्ताच करा. साधा अल्डर २०-२५ मीटरपर्यंत जातो, त्यामुळे घर, ड्रेनेजची पाइप यांच्यापासून चांगला लांब. जागा कमी असेल तर कातरलेल्या पानांचा 'इम्पिरिअलिस' मागा, तो हळू वाढतो आणि दिसतोही नाजूक.

आता खत. देऊच नका. अल्डरच्या मुळांवर गाठी असतात, त्यात फ्रँकिया नावाचे बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतात. तुम्ही वरून युरिया ओतलात की झाड त्या गाठींवर खर्चच करत नाही, म्हणजे फुकटचं सोडून विकतचं. काही जण जुन्या अल्डरखालची मूठभर माती खड्ड्यात टाकतात, गाठी लवकर धरतात हे खरं, पण त्या मातीतून रोगही येऊ शकतो म्हणून झाड ठणठणीत असल्याची खात्री नसेल तर राहू द्या.

रोग म्हणजे मुख्यतः फायटोफ्थोरा, मुळं आणि बुंधा कुजवणारा बुरशीसारखा जीव. इंग्लंडमध्ये १९९३ मध्ये पहिल्यांदा लक्षात आला, पाण्यातून आणि नर्सरीच्या रोपांतून पसरतो. पानं बारीक, फिकट, विरळ झाली आणि बुंध्याशी गंजासारखे काळपट ओघळ दिसले की समजायचं. औषध नाही. म्हणून रोप घेताना बुंधा नीट बघून घ्या, तिथे घाई नको.

लावणी पानं गळलेली असताना. पहिली एक-दोन वर्षं बुंध्याभोवतीचं गवत काढत राहा आणि माती वाळू देऊ नका, बाकी काही नाही.

छाटणी पानं गळल्यापासून ऐन थंडीपर्यंत उरकायची, थंडी संपत आली की रस चढतो आणि कापलेल्या जागेतून वाहत बसतो. फार वाढलं तर सरळ बुडाशी कापलं तरी परत फुटतं. कापल्यावर पांढरं लाकूड बघताबघता लालसर-केशरी होतं, घाबरू नका, ते नॉर्मल आहे. तसंच पानं पिवळी न पडता हिरवीच गळतात, तेही नॉर्मल, त्यासाठी कुणी फवारणी सांगितली तर ऐकू नका.

आणि हो, घरात कुणाला परागकणांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी विचार करा, अल्डर थंडीच्या शेवटीच, पानं यायच्या आधी भरपूर पराग सोडतो.