'मानापमान' पडद्यावर येतंय: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात मी फक्त एवढंच लिहिलं होतं की 'संगीत मानापमान' या जुन्या संगीत नाटकावरचा सिनेमा १० जानेवारी २०२५ ला रिलीज होतोय, सुबोध भावे डायरेक्ट करतायत आणि म्युझिक शंकर-एहसान-लॉय यांचं आहे. त्यावर एवढे मेसेज आले, व्हॉइस नोट आल्या, एका काकांनी तर चार पानी पत्र पाठवलं हाताने लिहिलेलं, की यावेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, पण जे परत परत विचारलं गेलंय ते घेतलंय.

प्रश्न: ताई, मी 'मानापमान' स्टेजवर तीन वेळा बघितलंय. ते लिहिणारे खाडिलकर आमच्या सांगलीचे, त्यामुळे हे नाटक म्हणजे घरचं. आता सिनेमावाले मूळ चाली बदलणार, मागे पन्नास व्हायोलिनं लावणार याची धास्ती वाटते. जावं का? (एक आजोबा, सांगली)

उत्तर: आजोबा, तुमची धास्ती मला पूर्ण कळते, कारण माझ्या आजीकडे ही पदं, म्हणजे नाटकातली गाणी, रेडिओवर लागली की भांडी घासायची सुद्धा थांबायची आणि त्या घरात वाढल्यावर कुणी 'नाही मी बोलत नाथा'ला हात लावतंय म्हटलं की पोटात गोळा येतोच. पण मला तुम्हालाच एक विचारायचंय, तुमच्या कानात जे 'शूरा मी वंदिले' बसलंय ते कुणाचं?

बहुतेक मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं असणार, थेट किंवा त्यांच्या वाटेने गाणाऱ्या कुणाचं तरी. आणि गंमत बघा, नाटक रंगभूमीवर आलं १२ मार्च १९११ ला, किर्लोस्कर नाटक मंडळीचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, नायिका भामिनी झाले होते बालगंधर्व. तेव्हा दीनानाथ जेमतेम दहा वर्षांचे! म्हणजे ते बलवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीतून ही पदं गायला लागले ते बरंच नंतर, आणि त्यांनी ती सरळ सरळ स्वतःच्या गळ्याची केली, तो वेग, ते फेकलेले स्वर, ती पंजाबी ढंगाची झटक. त्यावेळी सुद्धा बालगंधर्वांच्या गाण्यात वाढलेल्या लोकांना हे काय चाललंय असं वाटलंच असणार. आज आपण दोन्ही डोक्यावर घेतो.

आणि टेंब्यांनी तरी काय केलं होतं? ठुमरी, कजरी, होरी असल्या पूरबकडच्या चिजांवर मराठी पदं बसवली. साकी-दिंडीसारख्या जुन्या मराठी चालींना सरावलेल्या प्रेक्षकाला तो केवढा मोठा बदल होता. त्यामुळे 'मूळ चाल जशीच्या तशी आहे का' हे बघायला जाऊ नका असं मी म्हणेन. बघायचं असेल तर हे बघा की पद आपल्या जागेवर आहे का. म्हणजे भामिनी गाते तेव्हा तिला खरंच काही बोलायचंय आणि ते बोलून मावत नाही म्हणून गाणं येतंय, की कथा थांबवून मध्येच एक गाणं वाजतंय. व्हायोलिनं पन्नास असोत नाहीतर पाच, मला त्याने फरक पडत नाही. गाणं जागेवरून हललं तर मात्र मी पण तुमच्यासारखीच चिडेन.

जा आजोबा. नक्की जा.

प्रश्न: मला फक्त 'कट्यार काळजात घुसली'चा पिक्चर माहितीये, तो मी सहा वेळा बघितलाय. 'मानापमान'ची स्टोरी काय आहे? स्पॉइलर चालेल. (कॉलेजमधली मुलगी, पुणे)

उत्तर: शंभराहून जास्त वर्षं जुनी गोष्ट आहे गं, स्पॉइलर कसला. धैर्यधर शूर आहे, सेनापती आहे, पण पैसा नाही. भामिनी श्रीमंताची लेक. वडील म्हणतात याच्याशी लग्न कर, ती म्हणते या दरिद्र्याशी? आणि त्याचा चांगलाच अपमान करते. तो पण मानी, पेटून उठतो. मग हीच भामिनी वनमाला नावाची गरीब मुलगी बनून त्याच्या जवळ राहते आणि त्याच्या प्रेमात पडते, तो वनमालेच्या. दुसऱ्या बाजूला लक्ष्मीधर, दागिन्यांनी मढलेला आणि मनातून भित्रा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. हे लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर म्हणजे टिळकांचे 'केसरी'तले सहकारी. त्यांच्या 'कीचकवध' या नाटकावर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी ते हे प्रेमाचं, गाण्यांनी भरलेलं नाटक घेऊन आले, त्यांचं पहिलं संगीत नाटक. आता तू ते वाचलंस तर तुला दिसेल की धन मोठं का शौर्य मोठं हा प्रश्न १९११ च्या माणसाने विचारलाय, ज्याच्या डोक्यावर परकं सरकार होतं. मला सिनेमाकडून सगळ्यात जास्त याचीच आशा आहे, की धैर्यधराचा मान हा नुसता हिरोचा इगो म्हणून दाखवला जाऊ नये.

प्रश्न: मूळ नाटकात पन्नासच्या आसपास पदं. सिनेमात किती राहणार? आणि आमची आवडती नेमकी गेली तर? त्यापेक्षा नाटकच नीट शूट करून दाखवायचं ना! (संगीत नाटकांचा ग्रुप चालवणारे, नागपूर)

उत्तर: काही जाणारच, हे आधीच मनाला सांगून ठेवा. पूर्वी नाटक रात्री सुरू व्हायचं आणि वन्समोअर घेत घेत पहाटेपर्यंत चालायचं, प्रेक्षक त्या तयारीनेच यायचा. आज स्टेजवर सुद्धा पूर्ण 'मानापमान' कोण करतं? तिथेही पदं निवडूनच घेतात आणि त्याला आपण कधी हरकत घेत नाही.

नाटक शूट करून ठेवायला हवं हे शंभर टक्के मान्य, पण ते वेगळं काम आहे, जपणुकीचं. सिनेमाने सिनेमा व्हावं. तुम्ही नागपूरचे, दारव्हेकर मास्तर तुमचे, तर त्यांनी लिहिलेल्या 'कट्यार'चंच घ्या. १९६७ चं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब, याला हात लावायचा म्हणजे केवढी जोखीम. २०१५ ला सुबोध भाव्यांनीच डायरेक्ट केलेला पिक्चर आला तेव्हा त्यात 'घेई छंद मकरंद' होतं, 'सुरत पिया की' होतं, 'तेजोनिधी लोहगोल' होतं, आणि त्यांच्या शेजारी 'सूर निरागस हो', 'दिल की तपिश', 'अरुणी किरणी' ही नवीन. 'अरुणी किरणी'साठी महेश काळेंना नॅशनल अवॉर्ड मिळालं. आज तरुण पोरं गाण्याच्या कार्यक्रमात जुनं आणि नवं एका दमात म्हणतात, त्यांना मध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचं अंतर आहे हे जाणवत पण नाही.

पण मला त्या पिक्चरमध्ये गाण्यांपेक्षा जास्त काय आवडलं माहितीये? खाँसाहेबांसमोर उभे असलेले दुसरे गवई पंडितजी नाटकात आपल्याला फार थोडे दिसतात, सिनेमाने मागे जाऊन पंडितजी आणि खाँसाहेबांची मैत्री दाखवली, त्यामुळे नंतरची ती हार-जीत जास्त लागते. हे करायला नाटक आतून माहिती असावं लागतं, आणि सुबोध भाव्यांनी त्याआधी २०१० मध्ये 'कट्यार' राहुल देशपांड्यांना घेऊन स्टेजवर परत उभं केलं होतं. शिवाय २०११ च्या 'बालगंधर्व'मध्ये ते स्वतः बालगंधर्व झाले, म्हणजे भामिनीचा शालू नेसणारा माणूस कसा उभा राहतो हे त्यांनी अंगावर घेऊन बघितलंय. म्हणून मी यावेळी घाबरण्यापेक्षा उत्सुक जास्त आहे.

प्रश्न: सगळे बालगंधर्व बालगंधर्व करतायत, केशवराव भोसल्यांची आठवण कुणी काढणार आहे का? (कोल्हापूर)

उत्तर: बरं झालं तुम्ही विचारलंत, कारण तुमचा मेसेज वाचून मी खूप वेळ गप्प बसून होते.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, म्हणजे एकमेकांशी स्पर्धा असलेल्या दोन कंपन्या, एका स्टेजवर. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. तिकीट शंभर रुपयांपर्यंत, त्या काळातले शंभर! लोक दोन तट पाडून बसले होते म्हणतात, आपला माणूस जिंकतो का बघायला. आणि तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, वय फक्त एकतीस.

आणि २०२४ मध्ये ८ ऑगस्टच्या रात्री कोल्हापुरात त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. लोक जळक्या लाकडांसमोर उभे राहून रडत होते, ते व्हिडिओ मला अजून बघवत नाहीत. सिनेमात त्यांची आठवण असेल की नाही ते पडद्यावरच दिसेल, पण कोल्हापुरातल्या तुमच्यासारख्या लोकांनी रिलीजच्या दिवशी थिएटरबाहेर केशवरावांचा एक फोटो लावला, हार घातला, तर कुणाची परवानगी लागणार आहे? लावाच. फोटो काढून मला पाठवा, पुढच्या अंकात छापू.

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, इंग्लिश मीडियम. त्याला नेऊ का? पदांची मराठी त्याला कळणार नाही. (आई, ठाणे)

उत्तर: न्या. 'युवतिमना दारुण रण' पहिल्या ऐकण्यात मला तरी कुठे कळलं होतं, मी लहानपणी ते एकच लांबलचक नाव समजून म्हणायचे आणि तरी आवडायचं. फक्त जायच्या आधी दोन-तीन दिवस दीनानाथांचं 'रवि मी' आणि बालगंधर्वांचं 'मला मदन भासे हा' गाडीत सहज लावून ठेवा, समजावून सांगत बसू नका. जुनं रेकॉर्डिंग आहे, खरखर येते, त्याला आधी हसू येईल, हसू दे. आणि वेष बदलून राहणारी वनमाला म्हणजेच भामिनी हे त्याला अजिबात सांगू नका, ते त्याचं त्याला थिएटरमध्ये कळू दे.