रिपोर्ट नॉर्मल आले, तरी दुखणं खरंच असतं

मास्तर पहिल्यांदा आले ते कापडी पिशवी घेऊन. एसटीत कंडक्टर, वय अडतीस. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. (त्यांच्या परवानगीनेच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पिशवीतून फाइल निघाली. कागद तारखेप्रमाणे लावलेले, एकाचाही कोपरा दुमडलेला नाही. सोनोग्राफी दोनदा, दुर्बीण वरून एकदा, खालून एकदा. रक्त, शौच, थायरॉइड. सगळीकडे तोच शेरा : नॉर्मल.

"मॅडम, एकदाचं काहीतरी निघू दे म्हणून मी देवाला बोललोय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. घरात म्हणतात तुझं सगळं मनाचं आहे. मग मी काय नाटक करतोय का?"

मी समुपदेशक. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. आजार निघावा म्हणून नवस बोलायची वेळ माणसावर येते, तेव्हा तो किती एकटा पडलेला असेल, याचा विचार आपण करायला हवा.

अडीच वर्षांपूर्वी मास्तरांना एका जत्रेत खाल्लेलं बाधलं. चार दिवस जुलाब, सलाइन. जुलाब थांबले, पण पोट पूर्वीसारखं झालंच नाही. पहाटे ड्युटीला निघताना गुडगुड, मग मुरडा, तीन-तीनदा जाऊन बसायचं आणि तरी पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही. कऱ्हाड-चिपळूण त्यांची नेहमीची गाडी. कोयनानगर सुटलं की पुढे कुंभार्ली घाट, आणि घाटात गाडी मध्येच थांबवायची सोय नाही.

मी डॉक्टर नाही. तरीही पोटाचं दुखणं घेऊन कुणी आलं, की काही प्रश्न मी आधी विचारतेच. शौचात रक्त पडतं का? झोपेतून उठून जावं लागतं का? वजन आपोआप उतरलंय का? ताप येतो का? हिमोग्लोबिन कमी आहे का? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का? त्रास पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालाय का? यातल्या एकालाही 'हो' असेल, तर समुपदेशन नंतर, पोटाचे डॉक्टर आधी. काही वर्षांपूर्वी एक तरुण 'टेन्शनचं पोट' म्हणून माझ्याकडे आला होता. रक्त पडतं हे त्याने लाजेपोटी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. त्याची औषधं वेगळी, तपासण्या वेगळ्या, आणि ते टाळलं तर नुकसान होतं. तेव्हापासून हे प्रश्न मी कधीच गाळत नाही.

मास्तरांचं वजन दोन किलो उतरलं होतं. मी त्यांच्यासमोरच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ते तपासलं होतं. भीतीने खाणं निम्म्यावर आलं होतं, त्याचा तो परिणाम. आणि निदानही झालेलं होतं. फाइलमध्ये चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं : आयबीएस. फक्त त्याचा अर्थ मास्तरांना कुणी बसून सांगितला नव्हता.

आयबीएस म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोम. 'काही सापडलं नाही म्हणून दिलेलं नाव' असा त्याच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. त्याचे ठरलेले निकष आहेत, २०१६ साली ते पुन्हा नीट मांडले गेले. त्रास किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला असावा. गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखत असावं. त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणं, शौचाच्या वेळा बदलणं, शौचाचं स्वरूप बदलणं, यांपैकी किमान दोन गोष्टी असाव्यात. मास्तरांना तिन्ही लागू होत्या. जोराच्या जुलाबानंतर साधारण दहातल्या एकाला हा त्रास मागे राहतो, हेही त्यांना तेव्हाच कळलं. "म्हणजे जत्रेपासूनच!" ते दोनदा म्हणाले.

मग रिपोर्टमध्ये का दिसत नाही? दुर्बिणीला जखम, सूज, गाठ दिसते. आतडं काम कसं करतंय आणि त्याच्या नसा किती हळव्या झाल्यात, हे तिला दिसत नाही. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत बोलाचाली चालू असते. १९७३ साली इंग्लंडमध्ये एक प्रयोग झाला होता. मोठ्या आतड्यात छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. हा त्रास असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना ज्या फुगवट्याला दुखलं, तेवढाच फुगवटा निरोगी माणसांपैकी जवळजवळ कुणालाच दुखला नाही. आतडं तेच, फुगा तेवढाच, पण मेंदूपर्यंत पोचणारी कळ वेगळी. ती खरी कळ असते.

मास्तर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या जुन्या गाड्यांना घंटीची दोरी असायची. कुणी ती फार ताणून बांधली, की खड्ड्यातसुद्धा वाजायची. डायव्हर उगाच ब्रेक मारायचा." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. त्यानंतर आमच्या बोलण्यात दोरी हाच शब्द राहिला.

पहिलं काम दिलं ते नोंदीचं. दोन आठवडे. त्यांनी वहीत वे-बिलासारखे (कंडक्टरच्या तिकीट-हिशेबाच्या कागदासारखे) रकाने आखले : कऱ्हाड, पाटण, कोयनानगर, पोफळी, चिपळूण. प्रत्येक टप्प्याला दुखणं दहापैकी किती, काय खाल्लं, झोप किती. शौचाचं वर्णन करायला संकोच वाटतो, म्हणून ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला सात चित्रांचा तक्ता दिला. एक म्हणजे सुक्या लेंड्या, सात म्हणजे नुसतं पाणी, तीन-चार म्हणजे ठीक. मास्तर नुसता आकडा टाकायचे. बहुतेक सहा.

वही उघडली तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. एक म्हणजे कोयनानगरला तीन असलेलं दुखणं घाटात आठवर जायचं आणि पोफळीला गाडी उतरली की परत तीनवर. शौचाला न जाताच. सुट्टीच्या दिवशी तोच चहा, तेच जेवण, पण आकडा दोनच्या पुढे नाही.

मास्तरांचा चेहरा पडला. "म्हणजे मनाचंच झालं की."

नाही. भीतीच्या वेळी मेंदूतून जी रसायनं सुटतात ती मोठ्या आतड्याची हालचाल खरोखर वाढवतात. परीक्षेच्या दिवशी धडधाकट पोरालाही धावावं लागतं, ते त्यामुळेच. आपण 'पोटात गोळा आला' म्हणतो, तोही काही नुसता बोलायचा नसतो. मास्तरांच्या बाबतीत आधीच हळवं झालेलं आतडं होतं, त्यात 'घाटात झालं तर?' ही धास्ती, धास्तीने कळ, कळ आली की धास्ती दुप्पट. या चक्रात कुठून शिरायचं, एवढाच प्रश्न होता.

दुसरी गोष्ट खाण्याची. पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत नुसता चहा, तोही पाच-सहा कप. मग चिपळूणला उतरून एकदम भरपेट जेवण आणि परतीच्या गाडीत बसायचं. जठरात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला जागा रिकामी करायचा निरोप जातो, हे प्रत्येकाच्या शरीरात होतं. जेवण जितकं मोठं आणि तेलकट, तितका निरोप जोरात. म्हणजे न खाऊन ते जी वेळ टाळू पाहत होते, तीच परतीच्या घाटात ओढवून घेत होते.

डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांशी बोलून बदल ठरले. अर्धा तास आधी उठायचं, काहीतरी हलकं खायचं, निवांत एकदाच जायचं. 'खबरदारी म्हणून' पुन्हा जाऊन बसायचं नाही. चहा दोनच कप. दूध, गहू, डाळ, भाज्या त्यांनी आपल्याच मनाने सोडल्या होत्या आणि दहीभातावर आले होते. हे मला फार घरांत दिसतं आणि त्याचं वाईट वाटतं. पथ्य करायचंच तर जाणत्याच्या देखरेखीखाली चार-सहा आठवडे, आणि मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. मास्तरांना बाधत होता तो कच्चा कांदा आणि उसळीची मोठी वाटी. पोळीचा काही दोष नव्हता. इसबगोल थोड्या प्रमाणात सुरू केलं. जुलाब थांबवायची गोळी ते रोज ड्युटीआधी घ्यायचे, ती कधी घ्यायची हे डॉक्टरांनी ठरवून दिलं.

माझं काम घाटाचं. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, पोट सैल ठेवून. हे आधी घरी, मग उभ्या गाडीत, मग पाटणपर्यंत. सुट्टीच्या दिवशी ते प्रवासी म्हणून घाटातून गेले, बायकोला शेजारी बसवून. मी सांगितलं होतं, कळ आली तर तिला हाकलू नका, नुसती बघा, किती मिनिटं टिकते ते लिहा. वहीत लिहिलं होतं : 'सात. मग पाच. अकरा मिनिटं.' अडीच वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कळ आपली आपण उतरताना पाहिली होती.

सगळ्यात अवघड गेलं ते डायव्हरला सांगणं. तीन भेटी आम्ही त्याचीच तयारी करत होतो. शेवटी एका सकाळी पाटणला त्यांनी सांगून टाकलं. डायव्हर म्हणाला, "मास्तर, आधी बोलायचं नाही का? मला शुगर आहे. मलाही तासा-दीड तासाने उतरावंच लागतं. तुमच्यासमोर कसं सांगायचं म्हणून मी दाबून बसतो." त्या दिवसापासून घाटात शिरायच्या आधी कोयनानगरला पाच मिनिटं दोघंही ठरवून उतरतात.

चार महिन्यांत आठ भेटी झाल्या. त्रास गेला असं मी म्हणणार नाही, तो असा एकदम जात नाही. गणपतीच्या जादा गाड्यांच्या दिवसांत झोप मोडली आणि आकडा पुन्हा आठवर गेला. मास्तर घाबरले, फोन केला, वही काढली, तीन आठवड्यांत पुन्हा चारवर आले. त्यात नवीन तपासणी करायला मात्र ते धावले नाहीत.

परवा त्यांचा फोन आला होता. डेपोतल्या एका मेकॅनिकला पोटाचा त्रास आहे. "तुमच्याकडेच पाठवणार होतो मॅडम," ते म्हणाले, "पण त्याला विचारलं, तर म्हणाला रात्री झोपेतून उठून जावं लागतं, आणि पँटही सैल झालीय. म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलाय. मीच सोबत जाणार आहे, तो लाजतोय."