डबे फेकल्याने मार्क वाढत नाहीत

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला ८६ टक्के. नीटचा क्लास लावला आहे. पण पाऊस सुरू झाला की दर रविवारी गंगापूर धरणाकडच्या बाभळींवरून सोनकिडे आणते, मारून टाचणीला टोचून ठेवते. ॲपवर फोटो टाकला की नाव कळतं, मग हा पसारा कशाला? अभ्यासात लक्ष घातलं नाहीस तर डबे फेकून देईन, असं तिला बजावलंय. परदेशातला एक जण किडे विकत मागतोय. यात काही भवितव्य आहे का?
– एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात टक्केवारी आहे, क्लास आहे, धमकीही आहे. मुलीला डॉक्टर व्हायचंय का, एवढंच नाही. आधी ते विचारा, आणि विचारताना डबे मध्ये आणू नका. ते फेकल्याने फिजिक्स सुटायला लागत नाही. पोरगी आवडीच्या गोष्टी घरात बोलायची बंद होते, इतकंच. शिवाय मोठे सोनकिडे झाडावर दिसतात ते मुख्यतः पावसाळ्यात आणि नीट असते मे महिन्यात. भांडण नक्की कशाचं आहे?

आता फोटोचं. सोनकिड्याची झळाळी रंगद्रव्याची नसते. कवचातल्या पातळ थरांवरून उजेड परततो, त्यातून तो रंग दिसतो. म्हणून किडा मेला तरी चमक टिकते, आणि म्हणूनच कोन बदलला की हिरव्याचा निळा होतो. फोटोतल्या रंगावर विसंबून नाव ठरवलं की फसायला होतं. बाभळीवरचा मोठा सोनकिडा, स्टर्नोसेरा, एक वेळ ओळखेल ॲप. पण सोनकिड्यांच्या ॲग्रिलस या एकाच गटात सुमारे ३००० जाती आहेत, बहुतेक काही मिलिमीटरच्या, आणि त्यांतल्या कितीतरी नराचं जननांग सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच वेगळ्या करता येतात. ते फोटोत कुठून येणार? २००२ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या आसपास ॲशची झाडं वाळत होती. त्यातून निघालेला हिरवा किडा तिथे कुणाला ओळखू येईना. नमुने स्लोव्हाकियातल्या तज्ज्ञाकडे गेले, तेव्हा तो आशियातला ॲग्रिलस असल्याचं कळलं. पुढे त्याने तिथली कोट्यवधी झाडं मारली.

मात्र डब्यातल्या किड्यांना लेबल नसेल, तर तुमचं बरोबर : तो पसाराच. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि किडा कोणत्या झाडावर होता, एवढं जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून त्याच टाचणीत ओवायचं. वहीत वेगळं लिहिलं की वही हरवते. टाचणी मधोमध नाही, उजव्या पंखकवचाच्या वरच्या भागातून. डब्याच्या तळाला थर्माकोल असेल तर बदला. डांबरगोळी त्याला टेकली की थर्माकोल विरघळतो आणि टाचण्या कलंडतात. किड्याखाली तपकिरी भुकटी पडलेली दिसली, तर आत संग्रह खाणाऱ्या अळ्या शिरल्या आहेत. डबा पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरला. (तुमच्या सौभाग्यवतींना आधी विचारा.) एकाच जातीचे वीस किडे आणू नयेत, दोन-चार पुरतात. नांदूर मधमेश्वरसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय एकही उचलायचा नाही.

परदेशी गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणा. २००२ च्या जैवविविधता कायद्याचा हा विषय आहे. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय नमुने बाहेर पाठवणं अंगाशी येईल. मेलेल्या किड्यांचा पसारा नको आणि त्यांचे पैसे मात्र चालतील, हेही मला पटलं नाही.

मार्ग सरळ आहे : सीईटी देऊन बीएस्सी कृषी, नाहीतर बीएस्सी प्राणीशास्त्र, मग कीटकशास्त्रात एमएस्सी, पुढे नेट किंवा कृषी संशोधन सेवेची परीक्षा. निव्वळ वर्गीकरणावर, म्हणजे जाती ओळखण्यावर, पगार देणाऱ्या जागा फार थोड्या, हे लपवत नाही. कृषी कीटकशास्त्रात त्या मानाने बऱ्या, आणि नाशिककराला त्याचं महत्त्व सांगायला नको. द्राक्षाचं खोड पोखरणारे भुंगे सोनकिड्यांचे नव्हेत, लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातले. दोन्ही कुळांतल्या बऱ्याच जातींची अळी लाकडात राहते. खोडातून काढलेली अळी कोणत्या कुळातली, हे सांगता येणारी मुलगी निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला हवीच असते.

येत्या रविवारी तिच्यासोबत बसून निम्म्या किड्यांची लेबलं तुम्ही लिहा. ती झाली की भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या आकुर्डी केंद्राला तिनेच पत्र लिहावं आणि संग्रह दाखवायला कधी येऊ, असं विचारावं.