डोळा लागला होता का, असं विचारू नका

मागच्या अंकात ट्रकच्या जीवघेण्या अपघातांची कारणं मुलाखतींमधून कशी शोधतात यावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरेच प्रश्न सारखेच होते, त्यातले चार इथे घेतोय.

प्रश्न: सर, माझा प्रबंध अवजड ट्रकच्या जीवघेण्या अपघातांवर आहे. गाइडनी ३० ड्रायव्हरांच्या मुलाखती घ्यायला सांगितल्यात. मी प्रश्नावली केली, पहिलाच प्रश्न ‘तुमच्या मते अपघाताचं कारण काय’ आणि खाली पर्याय, वेग, झोप, दारू, ब्रेक, रस्ता. ट्रायल म्हणून चौघांना विचारलं तर चौघंही म्हणाले समोरच्या गाडीने कट मारला. आता काय करू?

पहिला प्रश्न आधी काढून टाका. कारण शोधणं हे तुमचं काम आहे, ते त्या माणसाच्या गळ्यात का घालताय? कोणीतरी गेलंय, केस चालू आहे, गाडीमालकाचे फोन येतायत, अशा वेळी ‘कारण काय’ विचारलं की त्याला ऐकू येतं ‘चूक कोणाची’, मग पोलिसांना जे सांगितलं तेच तो तुम्हालाही सांगणार. चौघांचं उत्तर एकच आलं यात मला काही नवल वाटत नाही.

मीही हे करून बसलोय. अगदी सुरुवातीच्या मुलाखतींपैकी एक, ड्रायव्हरच्या मनगटाला प्लास्टर, आणि मी दुसऱ्याच प्रश्नाला विचारलं ‘डोळा लागला होता का?’ तो म्हणाला ‘नाही’. झालं, पुढची चाळीस मिनिटं नाही, माहीत नाही, असेल, एवढंच. शेवटी रेकॉर्डर बंद करून पिशवीत टाकला आणि उठता उठता सहज विचारलं की घरून निघाला कधी होतात, तर माणूस सुरू झाला. तीन दिवस आधी निघालेला, माल भरायच्या गेटवर गाड्यांची रांग, रात्रभर त्या रांगेत, दर अर्ध्या तासाला पुढची गाडी सरकली की मागून हॉर्न, की उठायचं, गाडी दहा-वीस फूट पुढे घ्यायची, परत स्टिअरिंगवर डोकं टेकायचं. ‘झोप झाली का’ विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, कारण त्याच्या हिशोबाने तो रात्रभर झोपलेलाच होता! हे सगळं वापरू का असं त्याला विचारलं, हो म्हणाला, मग बाहेर येऊन आठवेल तसं वहीत उतरवलं.

तेव्हापासून मी अपघातापासून सुरुवात करतच नाही. एक मोठा कागद घेतो, त्यावर मागच्या ७२ तासांच्या चौकटी आखतो आणि दोघं मिळून तो भरतो. ‘किती तास झोपलात’ हा प्रश्न नकोच, आपण तुम्ही-मी तरी परवा किती झोपलो ते नीट सांगू शकतो का? त्याऐवजी गाडी उभी केली तेव्हा उजेड होता का, उठवलं कोणी, अलार्म होता का फोन आला, उठल्यावर आधी काय केलं. मग डिझेलची पावती, टोलची पावती, गेटपास, फोनवरचे कॉल हे सगळं त्याच कागदावर वेळेसकट चिकटवायचं. पावती आणि आठवण जुळत नसेल तर ‘खोटं बोलताय’ असा चेहरा करू नका, नुसतं म्हणा की ही पावती पहाटे सव्वातीनची दिसते, तेव्हा कुठे होता? बहुतेक वेळा त्याला खरंच तेव्हा आठवतं.

तुमचे शब्दही तपासा. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला, प्रश्न तोच, फक्त क्रियापद बदललं. ‘जोरात आदळल्या तेव्हा वेग किती’ असं विचारलेल्यांनी सरासरी ताशी ४० मैलांच्या आसपास सांगितला, ‘टेकल्या तेव्हा’ असं विचारलेल्यांनी साधारण ३२. त्यांचा दुसरा प्रयोग तर अजून गमतीचा, आठवड्याने विचारलं की फुटलेली काच पाहिली का, ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधं ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७, आणि फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. म्हणजे तुमच्या पर्यायांच्या यादीत ‘वेग’ पहिला असेल तर समोरच्याच्या आठवणीत तो तुम्हीच घालताय.

आणि एक, ‘ब्रेक फेल झाले’ हे वाक्य जसंच्या तसं लिहून पुढे जाऊ नका. एअर ब्रेकच्या, म्हणजे हवेच्या दाबावर ब्रेक लागणाऱ्या गाडीत यात निदान दोन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. हवाच गेली असेल तर डॅशबोर्डवर प्रेशर कमी झाल्याचा इशारा येतो, म्हणून विचारा बझर वाजला का, काटा कुठे होता. बझर वाजला नाही, हवा होती, पेडल पूर्ण दाबलं तरी गाडी पळतच राहिली, आणि त्याआधी लांब उतार होता, जळल्याचा वास येत होता, तर मामला वेगळा. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं, तापून फुगतो, आतून घासणारा लायनर त्याला नीट दाबू शकत नाही, आणि ब्रेकचं सेटिंग (लायनर आणि ड्रममधलं अंतर) आधीच ढिलं असेल तर हळू ब्रेक मारताना काहीच कळत नाही, जोरात मारायची वेळ आली की उघडं पडतं. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, सेटिंग शेवटचं कधी केलं, कोणी केलं, उतारावर कोणता गिअर होता, आणि मालकाला आधी सांगितलं होतं का. या शेवटच्या प्रश्नाला जरा वेळ द्या, तिथे माणसं बोलतात.

प्रश्न: बऱ्याच अपघातांत ड्रायव्हरच गेलेला असतो. मग मुलाखत घ्यायची कोणाची? आणि त्यावरून काढलेलं अनुमान कितपत धरायचं?

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. याचं उत्तर अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेच्या दोन अभ्यासांत छान दिसतं. १९९० चा अभ्यास फक्त अशा ट्रक अपघातांचा होता ज्यात ट्रक ड्रायव्हरच मेला, एकूण १८२ अपघात. ड्रायव्हर सांगायला नाही, त्यामुळे बाकीच्या पुराव्यांवरून त्याचे शेवटचे दिवस मागे मागे जात जुळवायचे. त्यात सगळ्यात जास्त वेळा पुढे आलेलं कारण थकवा, ३१ टक्के. मग १९९५ साली त्यांनी मुद्दाम उलट केलं, एकट्या ट्रकचे १०७ अपघात घेतले, पण ड्रायव्हर वाचलाय आणि त्याचे आधीचे ९६ तास जुळवता येतायत असेच. त्यातून जे निघालं ते मरणाऱ्याच्या बाबतीत कधी एवढं नेमकं कळलं नसतं, थकव्याने अपघात झालेल्यांची शेवटची झोप सरासरी साडेपाच तास, बाकीच्यांची आठ. आणि नुसते तास नाहीत, तुकड्या तुकड्यांत झालेली झोप हाही मोठा मुद्दा निघाला. (माझा तो रांगेतला ड्रायव्हर आठवला का?)

पण दुसरा अभ्यास जास्त चांगला असं समजू नका. एकट्या ट्रकचे, ड्रायव्हर वाचलेले, एवढेच अपघात निवडले की त्यातला थकव्याचा टक्का सगळ्या ट्रक अपघातांना लावता येत नाही, तुमच्या प्रबंधात कोणी असं केलं तर परीक्षक तिथेच धरतील. वाचलेल्यांशीच बोललात तर ‘आमचे सगळे ड्रायव्हर वाचलेले होते’ हे वाक्य पहिल्या पानावर पाहिजे.

ड्रायव्हर नसेल तर बायको, भाऊ, क्लीनर, शेवटचा माल भरून देणारा, ट्रिप लावणारा ऑफिसातला माणूस, त्याच रस्त्याने नेहमी जाणारे दुसरे ड्रायव्हर, एवढ्यांकडे जा. घरच्यांना अपघाताबद्दल विचारूच नका, त्यांनी तो पाहिलेला नसतो आणि तुम्ही विचारलं की ते कल्पना करायला लागतात, ते फार वाईट असतं. त्यांना शेवटच्या फोनबद्दल विचारा. किती वाजता आला, काय बोलणं झालं, मागे काय आवाज येत होता, इंजिन चालू होतं का. एका बाईंनी मला सांगितलं होतं की ते म्हणाले आता ठेवतो, डोळ्यांवर पाणी मारतो आणि निघतो. यावरून झोपेने अपघात झाला असं सिद्ध होत नाही, मी तसं लिहिलंही नाही, पण त्या वेळी गाडी कुठे उभी होती ते शोधायला त्या एका वाक्याने वाट मिळाली.

प्रश्न: माझा भाऊ ट्रेलर चालवतो. कुठलाही रिपोर्ट काढा, शेवटी ८७ टक्के ड्रायव्हरचीच चूक. मग हे मुलाखतींचं नाटक कशाला?

दादा, राग समजू शकतो, पण तो आकडा अर्धवट फिरतोय. तो आहे अमेरिकेतल्या मोठ्या ट्रक अपघात अभ्यासातला, २००१ ते २००३, ९६३ अपघात, सगळे कोणी मेलेलं किंवा जखमी झालेलं असे. अपघात झाला की संशोधक आणि ट्रक तपासनीस मिळून जायचे, गाडी तपासायची, ड्रायव्हर, साक्षीदार, मालक सगळ्यांशी बोलायचं. त्यात प्रत्येक अपघाताला एक ‘निर्णायक कारण’ लावलं, म्हणजे टक्कर अटळ झाली त्या क्षणामागचं लगेचचं कारण. ते ट्रककडे गेलं ५५ टक्के ट्रकांच्या बाबतीत, आणि त्या ५५ मधले ८७ टक्के ड्रायव्हरशी संबंधित. म्हणजे एकूण ट्रकांच्या निम्म्याहून थोडे कमीच. ट्रक आणि छोटी गाडी अशा दोघांच्या टकरीत तर छोट्या गाडीकडे ५६ टक्के गेलं. शिवाय निर्णायक कारण म्हणजे कायद्याने दोषी असं नाही, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलंय.

त्याच अभ्यासात सोबतच्या गोष्टी वेगळ्या नोंदवल्यात, ब्रेकची अडचण २९ टक्के ट्रकांत, थकवा १३, कामाचं प्रेशर १०. आता ब्रेक गाडी तपासून कळतात, पण कामाचं प्रेशर कुठल्या मशीनमध्ये दिसणार? ते मुलाखतीतूनच येतं. उलट मुलाखती नीट झाल्या नाहीत तर भावाच्या नावापुढे फक्त ‘उशिरा ब्रेक मारला’ एवढंच राहील.

प्रश्न: मी स्वतः ड्रायव्हर, अपघातात एक जण गेला, केस सुरू आहे. एक संशोधक मुलाखत मागतायत. माझे वकील ‘देऊ नका’ म्हणतात. काय करू?

केस चालू असेपर्यंत वकिलाचं ऐका, त्यात मी पडणार नाही. फिनलंडमध्ये जीवघेण्या रस्ते अपघातांचा तपास करणाऱ्या टीम दोष किंवा भरपाई कोणाची यावर बोलतच नाहीत, कायद्यानेच तसं ठरलंय, पण सगळीकडे अशी सोय नसते. केस संपल्यावर बोलावंसं वाटलं तर त्या संशोधकाला आधी लेखी विचारा की रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार, कोर्टाने मागितलं तर देणार का, नाव आणि गाडीचा नंबर काढणार का. गोलगोल उत्तर आलं तर नाही म्हणा, सरळ आलं तर बसा, पण घरात बसा, अपघाताच्या जागी नेतो म्हणाले तर लगेच हो म्हणायची गरज नाही. मधेच उठावंसं वाटलं तर उठा, त्याचं कारण देत बसू नका. आणि त्यांचा पहिलाच प्रश्न डुलकीचा असेल, तर त्यांना हा अंक द्या.