नाव विचारू नका, टाळीवर म्हणवून घ्या

प्रश्न : परभणीजवळच्या गावात गाण्याचा वर्ग सुरू केलाय. मुलं नाव विचारलं तरी मान खाली घालतात. काय करू?

उत्तर : ताई, मुलांना गोल बसवा आणि केरवा या तालाच्या 8 मात्रा, म्हणजे 8 ठोके, टाळीवर धरा. पहिल्या चारांत एकानं आपलं नाव म्हणायचं, पुढच्या चारांत सगळ्यांनी तेच. चुकलं तरी टाळी थांबवायची नाही. अंबाजोगाईच्या माझ्या वर्गात एक पोरगी नुसते ओठ हलवायची. तिचं नाव सगळ्यांनी लयीत परत म्हटलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली. दुसऱ्या दिवशी डोळे बांधून आवाज ओळखायचा : मागून कुणीतरी ‘सा’ लावतो. त्यातच प्रत्येकाची पट्टी, म्हणजे कुणाचा आवाज किती उंच लागतो ते, तुम्हाला कळेल. आणि पहिला आठवडा कुणालाही एकट्याला उभं करून गायला लावू नका, हात जोडून सांगते. घरी कोण गातं ते मात्र जरूर विचारा. आजीच्या जात्यावरच्या ओव्या निघतील.